तीन हजार मिलिमीटरच्या गावातला दुष्काळ

माण तालुक्यात जन्मलेल्या माणसाला दुष्काळ पुस्तकातून शिकावा लागत नाही. आमचं गाव म्हसवडच्या बाजूचं. वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आत, तोही आला तर. २०१२-१३ साली आमची जनावरं म्हसवडच्या चारा छावणीत होती, वडील त्यांच्याबरोबर तिथेच मुक्कामाला, आणि शाळा सुटली की मी भाकरी घेऊन जायचे. तिथला दुष्काळ सावकाश यायचा. आधी विहिरीचा तळ दिसायचा, मग टँकर, मग छावणी, मग पुढारी. चाहूल सहा महिने आधी लागायची आणि पाहुणा दोन-दोन वर्षं हलायचा नाही. तेव्हा कळत नव्हतं ते आता नोकरीत कळतं: आमच्या दुष्काळाची सरकारदरबारी घडी बसलेली होती. पैसेवारी, टंचाई आराखडा, रोजगार हमीचं मस्टर, शेतसाऱ्यात सूट, परीक्षा शुल्काची माफी. १९७२ पासून घाटावरच्या लोकांनी रेटून रेटून ही व्यवस्था लावून घेतली. कुठल्या टेबलाशी जायचं हे माझ्या अंगठेबहाद्दर चुलत्यालाही ठाऊक होतं.

२०१९ मध्ये कृषी सेवक म्हणून माझी नेमणूक मालवण तालुक्यात झाली तेव्हा आजी म्हणाली, "सुटलीस पोरी. पाण्यात पडलीस."

पडले खरीच. सिंधुदुर्गाचं वर्षाचं पर्जन्यमान तीन हजार मिलिमीटरच्या पुढे. आमच्याकडे सहा-सात वर्षांत जेवढं पडतं तेवढं इथे चार महिन्यांत. नोकरीचं पहिलं मोठं काम आलं तेही पाण्याचंच. त्या वर्षी ऑक्टोबरअखेर 'क्यार' चक्रीवादळाच्या पावसाने कापून ठेवलेलं भात शेतातच भिजून रुजलं आणि आम्ही दिवाळी पंचनाम्यांत काढली. मग मे २०२१ ला 'तौक्ते' आलं. आंबे, माड, पोफळी, घरांची कौलं. त्याचेही पंचनामे. दोन्ही वेळा काम कष्टाचं होतं पण सोपं होतं. आडवा झालेला माड फोटोत आडवाच दिसतो. कोंब फुटलेली लोंबी कुणालाही दाखवता येते. नुकसान दिसत असलं की माणूस, मोबाइल आणि शासन या तिघांचं लवकर एकमत होतं.

ऑगस्ट २०२३ चं तसं नव्हतं.

त्या वर्षीचा पाऊस आधीच उशिरा होता. केरळात मोसमी वारे ८ जूनला पोचले, तीन दिवसांनी दक्षिण कोकणात आले आणि तिथेच अडून बसले. अरबी समुद्रात 'बिपरजॉय' चक्रीवादळ फिरत होतं, बाष्प त्याने ओढून घेतलं होतं. चांगला पाऊस लागायला जूनचा शेवटचा आठवडा उजाडला. ज्यांनी मृगाच्या भरवशावर तरवा पेरला होता त्यांनी घागरीने पाणी घालून तो जगवला. जुलै मात्र झोडपणारा निघाला. १९ जुलैच्या रात्री रायगडात इर्शाळवाडी डोंगराखाली गेली ती याच पावसात. आमच्याकडे लावण्या उशिरा पण दणक्यात झाल्या. आणि अधिक श्रावण निम्मा सरला, लावणीचा चिखल अंगावरून उतरतो न उतरतो, तोच पावसाने पाठ फिरवली.

पहिले चार-पाच दिवस सगळे खूश होते. वाळत घातलेले कपडे वाळले, घरात धरलेली बुरशी पुसता आली. आठव्या दिवशी मी एका वाडीत भरडावरच्या शेतावर उभी होते. भाताची पानं दुपारी सुरळी करून उभी होती, पायाखालचा चिखल चामड्यासारखा घट्ट झाला होता. शेजारच्या कुणग्यात तण काढणाऱ्या एका आजींना मी विचारलं, आता काय करणार? त्या कमरेवर हात ठेवून हसल्या. "दुष्काळ तुमच्या घाटार गो बाय. आमच्याकडे पाऊस जरा रवलो, येतलो."

पंधराव्या दिवशी त्याच आजी मेरेवर बसून होत्या. या वेळी प्रश्न त्यांनी विचारला. "पाऊस खंय गेलो गो बाय?"

कुठे गेला ते मला ठाऊक होतं, हवामान खात्याच्या पत्रकात रोज छापून येत होतं. पावसाचा आस हिमालयाच्या पायथ्याशी सरकला होता, अरबी समुद्राच्या किनाऱ्यालगतचा कमी दाबाचा पट्टा विरला होता, आणि प्रशांत महासागरात एल निनो होता. देशभरात त्या ऑगस्टमध्ये १६२.७ मिलिमीटर पाऊस झाला, सरासरी २५४.९ ची. छत्तीस टक्के तूट. १९०१ पासून नोंदी आहेत, त्यांत इतका कोरडा ऑगस्ट दुसरा नाही. पण हे सगळं मेरेवर बसलेल्या बाईला सांगून तिच्या कुणग्यात काय फरक पडणार होता?

इथली जमीन समजून घेतल्याशिवाय हा दुष्काळ समजत नाही. मालवणची शेती उतारावर मजल्यामजल्यांनी आहे. वर सडा, म्हणजे जांभ्याचा उघडा कातळ. त्याच्या खाली भरड, कातळावर वीतभर, फार तर हातभर माती. सगळ्यात खाली मळा, जिथे व्हाळाचं पाणी फिरतं आणि ओल मार्गशीर्षापर्यंत टिकते. आणि खाडीकाठी खाजण. जांभा हा चाळणीसारखा दगड. वरून ओतलेलं पाणी तो धरत नाही, झिरपवून खाली सोडतो. ते व्हाळात, व्हाळातून गड नदीत नाहीतर कर्लीत, आणि काही तासांत समुद्रात. माणमधली काळी जमीन एका चांगल्या पावसावर ज्वारी पिकवते, कारण ती पाणी पोटात धरते. भरडाच्या पोटात जागाच नाही. त्या जमिनीला पाऊस रोज हवा, रोजंदारीवरच्या माणसाला काम लागतं तसा. आठ दिवस चुकले की ती उपाशी.

त्यातही पिकाची वेळ. लावणी होऊन दोन-तीन आठवडे झालेलं भात फुटवे काढत असतं. त्या दिवसांत जे फुटवे निघाले नाहीत ते नंतर सप्टेंबरमध्ये कितीही पाऊस पडला तरी निघत नाहीत. युरियाचा दुसरा हप्ता याच वेळी द्यायचा, पण ओल नसेल तर द्यायचा कसा? ज्यांनी दिला त्यांचा वाया गेला, ज्यांनी थांबवला त्यांचं पीक पिवळं पडलं. शेतातलं पाणी आटलं की तण उसळतं. मग पुन्हा बेणणी, पुन्हा बायकांची मजुरी. खाजणात आणखी वेगळी गोष्ट. तिथे गोड्या पावसाचा दाब असेपर्यंत खार खाली बसलेला असतो. पाऊस थांबला, ऊन तापलं की तो वर चढतो, आणि हिरव्या भाताची टोकं जळायला लागतात. खाडी भरतीने भरलेली आणि बांधाच्या आत भात तहानेने मरतंय, हे दृश्य मी माणमध्ये राहून कल्पनेतसुद्धा पाहिलं नसतं.

शास्त्रज्ञ या प्रकाराला 'फ्लॅश ड्रॉट' म्हणतात, झपाट्याने येणारा दुष्काळ. पाऊस नसणं हा त्याचा अर्धा भाग. उरलेला अर्धा ऊन, वारा आणि तापलेली हवा मातीतून आणि पानांतून किती वेगाने पाणी ओढून घेतात त्याचा. नेहमीच्या दुष्काळाला महिने लागतात, याला दोन-तीन आठवडे पुरतात. आयआयटी गांधीनगरच्या विमल मिश्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये देशातल्या अशा दुष्काळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात १९७९ चा दुष्काळ सर्वांत तीव्र ठरला, तो भर मोसमात आला होता. आणि तापमान असंच वाढत राहिलं तर या शतकाच्या अखेरीस तसले प्रसंग साधारण सात पटींनी वाढतील असा त्यांचा अंदाज आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या रॉक्सी मॅथ्यू कोल यांच्या २०१७ च्या अभ्यासाने दुसरी बाजू आधीच दाखवली होती: देशाच्या मधल्या पट्ट्यात १९५० ते २०१५ या काळात व्यापक अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या. दोन्ही एकत्र वाचले की आमच्या रजिस्टरमधला २०२३ दिसतो. जुलैत पडायचं ते सगळं एकदम, मग शुकशुकाट.

सप्टेंबरमध्ये पाऊस परतला. गणपती त्या वर्षी १९ सप्टेंबरला होते, अधिक महिन्यामुळे उशिरा. चाकरमानी आले तेव्हा डोंगर हिरवेगार, व्हाळ वाहते, माटवीला बांधायला सगळी रानफळं हजर. मुंबईहून आलेला माणूस म्हणणार, यंदा पाऊसपाणी बरं झालेलं दिसतंय. हंगाम संपला तेव्हा कागदही हेच म्हणाला: कोकण-गोवा विभागाच्या नावापुढे तूट नव्हती. ऑक्टोबरच्या अखेरीस राज्य शासनाने चाळीस तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यात कोकणातला एकही तालुका नव्हता. माझ्या ओळखीच्या सांगोल्याचं, माळशिरसचं नाव होतं, आणि ते योग्यच होतं. मालवणचं नाव त्या यादीत यायला हवं होतं असंही मी म्हणणार नाही. निकष ज्या दुष्काळासाठी लिहिले तो इथे पडलाच नव्हता.

पण दुसरा पडला होता, आणि त्याचं काय करायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

पावसाचा खंड मोजायची रीत बघा. अडीच मिलिमीटर पाऊस झाला की तो पावसाचा दिवस. मंडळात एक स्वयंचलित केंद्र असतं, त्यात तेवढं पाणी पडलं की खंड मोडला. पीक विम्यात भर हंगामातल्या नुकसानीची पंचवीस टक्के आगाऊ रक्कम मिळायची ती सलग एकवीस दिवसांच्या खंडावर आणि निम्म्याहून अधिक उत्पन्न घटणार असेल तर. समुद्रकाठी पूर्ण कोरडे एकवीस दिवस पावसाळ्यात मिळणं कठीण. दहा-बारा दिवसांनी समुद्रावरून एक ढग येतो, तीन मिलिमीटर शिंपडून जातो. भरडाला त्याचा उपयोग शून्य, दुपारपर्यंत वाफ झालेली असते. पण मोजणी पुन्हा एकपासून. माझ्या मंडळात खंड एकविसावर कधी पोचलाच नाही, आणि पोचणारही नाही.

मग पीक कापणी प्रयोग. नियमाने निवडलेल्या शेतात ठरल्या मापाचा चौकोन आखायचा, त्यातलं भात कापून, झोडून, वजन करायचं, आणि मंडळाची सरासरी काढायची. प्रामाणिकपणे केलं तरी सरासरी सरासरीच असते. २०२३ मध्ये मळ्यातलं भात छान आलं. पाणी खालून मिळत होतं, वर लख्ख ऊन. भाताला याहून काय हवं? भरडावर लोंब्या आखूड, निम्मी पळंजी, म्हणजे पोकळ दाणे. दोन्हींची बेरीज करून भागलं की आकडा असा येतो की कुणाचंच काही बिघडलेलं नाही. मळे बहुतेक गावांत जुन्या वतनदार घरांकडे आणि भरड नंतर आलेल्यांकडे, ही गोष्ट त्या भागाकारात कुठेच दिसत नाही.

फोटोचंही तेच. करपलेलं भात मोबाइलच्या फोटोत पिवळं दिसतं. पिकलेलं भातही पिवळंच दिसतं.

या दुष्काळाने कोण उपाशी राहिलं? कुणीही नाही, आणि म्हणूनच तो बोलण्याचा विषय होत नाही. रेशनवर माणशी पाच किलो धान्य मिळतं, २०२३ पासून तेही मोफत. मुंबईहून मुलगा पैसे पाठवतो, पूर्वी मनीऑर्डर यायची, आता मोबाइलवर खळ्ळकन येतात. त्या वर्षी शासनाचा भाताचा हमीभाव क्विंटलला २१८३ रुपये होता, पण आमच्या भरडावरच्या शेतकऱ्याला हमीभावाशी देणंघेणं नसतं, कारण तो विकतच नाही. वर्षाचं भात कणगीत भरायचं, त्याचीच पेज, त्याचाच भात, उरलं तर लेकीकडे. बाजारात जे गेलंच नाही त्याचं नुकसान बाजाराच्या कुठल्या आकड्यात दिसणार? एका बाईंनी मला हळूच सांगितलं, "तांदूळ इकत घेवक लाज वाटता." घरात चार पैसे होते त्यांच्या. लाज गरिबीची नव्हती. जमीन असून दुकानाच्या दारात उभं राहण्याची होती.

भातापेक्षा गवताने जास्त मारलं, असं माझं मत आहे. रोपं खुजी राहिली, पेंढा आखूड आणि थोडका. अंगणातल्या उडव्या अर्ध्यावर आल्या. घाटावर चारा संपला की छावणी उघडते. इथे चारा छावणी ही कल्पनाच कुणाच्या डोक्यात येत नाही. "भात गेला, गवत पण गेला. गुरांका काय घालू?" या प्रश्नाला माझ्याकडे एकही योजना नव्हती, आणि जिला प्रश्न पडला होता तिने फाल्गुनापर्यंत दोन्ही गाई विकून टाकल्या. गाई गेल्या की शेण गेलं, शेण गेलं की भरडाची ती वीतभर माती आणखी हलकी, पुढच्या खंडाला आणखी लवकर बळी पडणारी. जोत आधीच गेलं होतं. आता पॉवर टिलर भाड्याने, तोही वाटेल तेव्हा मिळत नाही.

आणि मग मजुरी. इथली लावणी-कापणी बायकांच्या हातावर चालते. एकमेकींच्या शेतात हातउसनं जाऊन कामं उरकायची जुनी रीत अजून काही वाड्यांत आहे. पण ज्या वर्षी शेतात राबून हाती पळंजी येते त्या वर्षी हिशेब मांडला जातो. तारकर्ली-देवबागच्या बाजूला पर्यटकांची घरं, खानावळी. ऑक्टोबरपासून मेपर्यंत भाकऱ्या भाजायला, मासे साफ करायला, खोल्या झाडायला बायका लागतात आणि पैसे संध्याकाळी हातात. २०२४ च्या लावणीला माझ्या गावांतल्या कितीतरी बायका आल्याच नाहीत. आधी भरडावरचा वरचा कुणगा पड राहिला, मग त्याच्या खालचा. त्यावर रान माजलं की डुक्कर आणि गवे राहायला येतात, शेजारचा मळाही धोक्यात येतो, आणि मग मळेवालाही कंटाळतो. पड जमिनीचं कारण विचारलं तर लोक माकडं सांगतात, मजुरी सांगतात, पोरांना आवड नाही म्हणतात. सगळं खरंच असतं. पावसाचं नाव त्यात कुणी घेत नाही, कारण पाऊस तर तीन हजार मिलिमीटर पडलेला असतो.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. १९९० मध्ये रोजगार हमीशी जोडून फळबाग लागवडीची योजना आली आणि त्यातून सड्यावर काजू आणि हापूस उभे राहिले. कोकणाला पैसा दिला तो या झाडांनी, त्याबद्दल दुमत नाही. पण त्यानंतर आमच्या खात्याचंही लक्ष झाडांकडे गेलं आणि भात हे जणू हौसेचं पीक ठरलं. झाड मुळं खाली नेऊन ऑगस्टचा खंड काढतं. भाताला तेवढी मुळं नाहीत.

कुणाकुणाचं वाचलं, तेही पाहिलं. ज्याच्या मळ्याच्या कडेला विहीर आणि विहिरीवर पंप, त्याने रात्री पाणी फिरवून भरडसुद्धा तारलं. म्हणजे दुष्काळाने दोन शेजाऱ्यांतलं अंतर एका महिन्यात वाढवलं. धामापूर आणि काळशाच्या तलावाखालच्या शेतीला झळ कमी लागली. धामापूरचा तो तलाव १५३० सालचा, नागेश देसाई यांनी गावकऱ्यांकडून बांधून घेतलेला. २०२० मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान मिळाला. पाचशे वर्षांपूर्वीच्या माणसाला एवढ्या पावसाच्या मुलखात तलाव बांधावासा का वाटला असेल, हा प्रश्न मला तिथे गेले की हमखास पडतो. त्याला सरासरी माहीत नसणार. ऑगस्टमधला खंड माहीत असणार.

काही वाड्यांत जुने पाट होते. डोंगराच्या कुशीतल्या झऱ्याचं पाणी वळवून भरडावर आणणारे. बहुतेक गाळाने बुजलेले, काहींवर कुंपणं. एका वाडीत तरण्या पोरांनी दोन दिवस खपून तसला एक पाट मोकळा केला आणि पाच-सहा घरांचं भात वाचलं. वनराई बंधारे आम्ही दर वर्षी घालतो, सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून, लोकांच्या श्रमदानाने. उद्दिष्ट येतं, फोटो जातात. पण ते पावसाळा सरल्यावर, उन्हाळ्याच्या पाण्यासाठी. ऑगस्टसाठी कुणी काही बांधत नाही. बियाण्याचं म्हणाल तर ज्यांनी वालयसारखं जुनं लाल भात थोडंतरी राखलं होतं त्यांच्या कुणग्यात दाणा कमी आला पण आला. लवकर येणारी सुधारित जात, थोडं जुनं बी आणि वेगवेगळ्या दिवशी पेरणी, एवढी मिसळ ठेवा असं मी आता सगळ्यांना सांगते. मुळद्याच्या ग्रामीण कृषी मौसम सेवेचा सल्ला आठवड्यातून दोनदा येतो, तो मी वाड्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर टाकते. पुढचे पाच दिवस कोरडे हे आधी कळलं तर निदान युरिया वाचतो, आणि मळ्यातलं पाणी तोडून सोडायचं की कोंडायचं हे ठरवता येतं.

पाऊस शहाणा झालेला नाही. २०२५ मध्ये तो २५ मे रोजीच देवगडात दाखल झाला. मे महिन्याच्या चिखलात धूळवाफेची पेरणी कुणाला करताच येईना, आणि मग जूनच्या पूर्वार्धात वारे पुन्हा थबकले. त्याच वर्षी आमच्या पदाचं नाव बदलून सहायक कृषी अधिकारी झालं आणि एक रुपयातला पीक विमाही बंद झाला. आता शेतकऱ्याने खरिपासाठी विमा रकमेच्या दोन टक्के भरायचे. लोक मला विचारतात, ज्या विम्यात आमचा खंड कधी मोजलाच जात नाही त्याचे पैसे कशाला भरायचे? मी भरा म्हणते. पीक कापणी प्रयोगात मंडळाचं उत्पन्न घटलेलं दिसलं तर काहीतरी मिळतं. पण मनातून मला त्यांचं म्हणणं पटतं. मंडळात मळा आणि भरड यांचा हिशेब वेगळा धरला, आणि खंड मोजताना तीन मिलिमीटरच्या सरीला पाऊस न म्हणता दहा दिवसांची बेरीज पाहिली, तर कोकणातला दुष्काळ कागदावर दिसू लागेल. यासाठी नवं यंत्र लागत नाही. नियम लिहिणाऱ्याने एकदा ऑगस्टात भरडावर उभं राहावं लागेल.

तोवर एक काम मात्र वाचणाऱ्यांच्या हातात आहे, आणि हे मी मुंबई-ठाण्यात, पुण्यात राहणाऱ्या मालवणी वाचकांना उद्देशून लिहिते. समजा उद्या शासनाने मदत दिली. केंद्राच्या निकषाने तेहतीस टक्क्यांवर नुकसान असलं तर कोरडवाहू पिकाला हेक्टरी साडेआठ हजार. दहा गुंठ्यांचे होतात साडेआठशे, म्हणून निकषात किमान हजाराची सोय आहे. तेवढेही इथल्या बाईला मिळत नाहीत, कारण सातबारा सामाईक. आजोबांच्या नावाखाली तीस-चाळीस वारस, निम्मे मुंबईत, काही हयात नाहीत, कसणारीचं नाव कधी सासऱ्याच्या आड तर कधी कुठेच नाही. "सातबाऱ्यार माझा नाव खंय आसा?" असं विचारणाऱ्या बाईने तिशी उलटल्यापासून ते शेत एकटीने लावलेलं असतं. मदतीच्या फॉर्मला इतर खातेदारांचं संमतीपत्र लागतं, आणि ते मिळेपर्यंत मुदत संपते. ही अडचण पावसाची नाही, हवामानबदलाची नाही, सरकारचीसुद्धा पूर्ण नाही. ती भावबंदकीची आहे.

तेव्हा येत्या गणपतीला गावी याल तेव्हा आधार कार्डाची प्रत बरोबर आणा. एक सकाळ काढून ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे जा, मयत वारसांची नोंद घाला, आणि तुमच्या हिश्श्याची जमीन जी वहिनी, काकी किंवा चुलत भाऊ कसतो आहे त्याच्या नावे संमतीपत्र सही करून द्या. त्याने तुमची मालकी जात नाही. संमती फक्त त्या मदतीपुरती असते. आणि त्याच फेरीत तुमचा भरडावरचा कुणगा पड आहे की लावलेला, तेही बघून या.